नीट रिपीट करताय? आधी गळती शोधा

नीट, म्हणजे मेडिकल प्रवेशाची परीक्षा. पहिल्या अटेम्प्टला मला ७२० पैकी ३९८ पडले. बायो २५१, केमिस्ट्री ९६, फिजिक्स ५१. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. तिसऱ्या दिवशी पप्पा म्हणाले, "पुण्याला क्लास लावूया का?" म्हटलं, थांबा, मार्क गेले कुठं ते तरी बघू दे.

तुम्हीही तिथूनच सुरू करा. आपली ओएमआर (गोल रंगवलेली उत्तरपत्रिका) आणि उत्तरसूची शेजारी ठेवायची आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढं एक अक्षर लिहायचं. येतच नव्हतं तर 'न', अर्धवट आठवत होतं तर 'अ', येत असून धांदलीत घालवलं तर 'ध'. माझ्या ५० चुकांत 'न' फक्त ९ निघाले. 'अ' २७, 'ध' १४. एका 'ध'ला पाच मार्क जातात, हातचे चार आणि वरचा दंड एक. म्हणजे ७० मार्क येत असून घालवले! लई जिव्हारी लागलं.

'ध'चा इलाज वही. पानावर एकच चूक, आपल्या शब्दांत. माझं पहिलं पान: "एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये, एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये. वजाबाकीआधी एकक बघ, बाई." ही चूक मी तीनदा केली होती.

'अ' जास्त फसवा. डोळे झाकून चार प्रश्न ठोकले तर सरासरी एक बरोबर येतो. चार मार्क मिळाले, तीन गेले, तोटा नाही. पण अर्धवट आठवणाऱ्याला ओळखीचा वाटेल असा चुकीचा पर्याय तिथं हमखास असतो. म्हणून बायोला एनसीईआरटीचं पाठ्यपुस्तक ओळ न ओळ, आकृत्यांखालच्या मजकुरासकट. धडा मिटून कोऱ्या कागदावर उतरवायचा, अडेल तिथं खूण. गाइडं मी रद्दीत घातली.

फिजिक्समध्ये मी रोटेशनच्या एकाच अवघड धड्यावर महिना घालवला होता, ती चूक. आधी मॉडर्न फिजिक्स, सेमीकंडक्टर, करंट इलेक्ट्रिसिटी पक्कं केलं. रोटेशन दिवाळीनंतर.

बारावीचे मार्क मेरिटला धरत नाहीत, पण पात्रतेला लागतात: खुल्या गटाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मिळून ३०० पैकी १५०, राखीव गटाला १२०. माझ्या मैत्रिणीचे १४६ होते. तिनं बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेतून पुन्हा परीक्षा दिली. कमी पडत असतील तर फॉर्मची तारीख आत्ताच बघा.

दर रविवारी मॉक दुपारी दोन ते पाच, खऱ्या पेपरच्याच वेळेला. जेवण हलकं, मटण खाऊन बसलात तर तिसऱ्या पानावर झोप लागते, अनुभवाचं सांगते. पाचला पेन खाली, मग गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध. पेपर तपासायचा सोमवारी सकाळी. त्याच संध्याकाळी तपासला की माझ्या सगळ्याच चुका 'ध' निघायच्या.