दारात आलेलं बिल: परदेशातून वस्तू मागवताना कस्टमचा हिशेब आधीच कसा करायचा

कॅमेऱ्याच्या जुन्या मॅन्युअल लेन्स जमवायचा मला नाद आहे. हा नाद परदेशातल्या विक्रेत्यांशिवाय भागत नाही, त्यामुळे कस्टमशी माझी जरा जास्तच ओळख आहे. पहिली भेट दारातच झाली. लेन्सची किंमत १०० धरा, पाठवणीचा खर्च ३०. चलन कुठलंही घ्या, गणित तेच. कुरियरवाला एका हातात खोकं आणि दुसऱ्या हातात कार्डाचं मशीन घेऊन उभा. आधी पैसे, मग खोकं. बिल होतं ५३.६०. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी चुकून माझ्याकडे आलंय.

विक्रेत्याला तणतणत मेल केला. त्याचं एका ओळीत उत्तर आलं, "लिस्टिंगमध्ये लिहिलं होतं." होतंच. तळाशी, करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत.

तेव्हापासून ‘खरेदी करा’चं बटण दाबण्याआधी मी कागद-पेन घेऊन बसतो. पाच मिनिटांचं काम आहे.

आधी ते बिल फोडून बघू. मी मनात १०० वर १० टक्के ड्युटी, म्हणजे १०, असा हिशेब केला होता. पण बऱ्याच देशांत ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. पाठवणीचा खर्च आणि विमाही त्यात धरतात. युरोपीय संघ, ब्रिटन, भारत याच पद्धतीने मोजतात. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया ड्युटी काढताना आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा खर्च वगळतात. माझ्या बाबतीत मूळ रक्कम १३० झाली. त्यावर १० टक्के ड्युटी १३. आता १४३. या १४३ वर २० टक्के विक्रीकर, म्हणजे २८.६०. करावर कर लागतो, हे तिथे कळलं. दोन्ही मिळून ४१.६०. उरलेले १२ कुठून आले?

ते कुरियर कंपनीचे. सगळ्यात जास्त राग यावा तो यांचाच. तुमच्या वतीने कंपनी कस्टमला पैसे भरते आणि त्या ‘सेवे’चं शुल्क तुमच्याकडून घेते. हे शुल्क बहुधा ‘अमुक टक्के किंवा कमीत कमी इतके’ असं असतं, आणि छोट्या पार्सलला ते ‘कमीत कमी’च लागतं. स्वस्त वस्तूवर करापेक्षा हे शुल्क मोठं होऊ शकतं. सरकारी दर शोधत बसणारी माणसं नेमका हाच आकडा विसरतात. कुरियर कंपनीच्या साइटवर शुल्कांचा तक्ता असतो. तो आधी उघडून बघा. विक्रेता साध्या टपालाने पाठवत असेल तर टपाल खात्याचं शुल्कही बघा. ते बहुतेक वेळा कमी पडतं. मात्र वेळ जास्त लागतो, आणि ट्रॅकिंग मधेच आठ-आठ दिवस मौन पाळतं. घाई नसेल तर मी टपालच निवडतो.

आता दर कसा शोधायचा? प्रत्येक वस्तूला एचएस कोड, म्हणजे कस्टमच्या वर्गवारीतला क्रमांक, असतो. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही यादी १९८८ पासून लागू आहे. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, पुढचे अंक ज्याचा तो देश जोडतो. कॅमेऱ्याच्या लेन्सचा कोड ९००२.११ ने सुरू होतो. तिची चामड्याची केस वेगळी मागवली तर ती ४२०२ मध्ये जाते, आणि तिचा दर वेगळा असू शकतो. विक्रेत्याला कोड विचारा, तो आपल्या देशाच्या कस्टमच्या साइटवर टाका, ड्युटी आणि कर दोन्ही दिसतात. वस्तू वापरलेली आहे म्हणून सूट मिळेल, या भ्रमात राहू नका. पुरातन वस्तूंसाठी ९७०६ हा वेगळा कोड आहे खरा, पण त्याला वय १०० वर्षांच्या वर लागतं. माझी लेन्स चाळीस वर्षांची. साठ वर्षं थांबायची माझी तयारी नव्हती.

आणखी एक फसगत: ड्युटीच्या दरासाठी वस्तू कुठून निघाली याला फारसा अर्थ नाही, ती कुठे बनली हे महत्त्वाचं. शेजारच्या देशाशी तुमच्या देशाचा व्यापार करार असला, तरी तिथल्या दुकानातून आलेली तिसऱ्याच देशात बनलेली वस्तू सवलतीत बसेलच असं नाही. पण ती कुठून निघते हेही बघावं लागतं. साइट तुमच्या भाषेत आहे, किंमत तुमच्या चलनात आहे, म्हणून माल तुमच्याच देशातून निघणार असं नसतं. ‘पाठवणी कुठून’ ही ओळ शोधून काढा.

‘छोट्या पार्सलला काही लागत नाही’ हे जुनं ज्ञान आता धोक्याचं झालंय. युरोपीय संघात २२ युरोपर्यंत मूल्यवर्धित कर माफ असायचा; १ जुलै २०२१ पासून ती माफी गेली. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून १००० डॉलरपर्यंतच्या मालावरही जीएसटी लावला, आणि तो विक्रीच्या वेळीच घेतात. अमेरिकेची ८०० डॉलरची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांच्या मालासाठी बंद झाली. मित्राने दोन वर्षांपूर्वी फुकट सोडवून घेतलं होतं, हा पुरावा धरू नका. आजचा नियम आजच बघा.

यानंतरचा प्रश्न: पैसे कोण भरणार? चेकआउटवर किंवा लिस्टिंगमध्ये दोन शब्द शोधा. डीडीपी असेल तर ड्युटी आणि कर विक्रेत्याकडे, म्हणजे किमतीतच आले. डीएपी असेल तर दारात बिल येणार. काही विक्रेते अजून डीडीयू लिहितात. ती संज्ञा इन्कोटर्म्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या ठरीव अटींच्या, २०१० च्या आवृत्तीतून गेली, पण अर्थ डीएपीसारखाच, भरायचं तुम्ही. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर डीएपी समजून चाला. ‘मोफत शिपिंग’चा ड्युटीशी काही संबंध नाही.

मी आता प्रत्येक नव्या विक्रेत्याला ऑर्डरआधी एवढंच विचारतो: पार्सल कोणत्या देशातून आणि कोणत्या सेवेने निघेल? ड्युटी आणि कर किमतीत धरलेत का? एचएस कोड आणि वस्तू बनल्याचा देश कोणता लिहिणार? पाकिटावर किंमत किती लिहिणार? शेवटच्या प्रश्नाला कुणी "तुम्ही म्हणाल तेवढी" म्हणालं, तर मी तिथून निघतो.

कारण ही लबाडी अंगाशी येते. "गिफ्ट लिहू का?" असं विचारणारे विक्रेते मनाने चांगलेच असतात, पण पैसे देऊन घेतलेली वस्तू गिफ्ट होत नाही. पकडलं गेलं तर दंड किंवा जप्ती, आणि माल तुमच्या नावावर. शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीपुरतीच. दोनशेच्या लेन्सवर वीस लिहून घेतले, की वीसच हातात पडायचे. ऑर्डरचे तुकडे करून सूट मिळवायची युक्तीही कच्ची आहे. एकाच दिवशी एकाच नावावर आलेली पार्सलं एकत्र धरायचा अधिकार अनेक देशांच्या कस्टमला असतो.

बिल चुकलं असं वाटलं तर? आधी सुटं बिल मागा, नुसत्या एकूण आकड्याशी भांडता येत नाही. कस्टमने किंमत वाढवून धरली असेल, तर प्रत्यक्ष दिलेली किंमत हाच मूल्यांकनाचा पहिला आधार आहे, हे जागतिक व्यापार संघटनेच्या करारातच आहे. सवलतीत घेतलेल्या एका लेन्सवर मला पूर्ण किमतीने ड्युटी लागली होती. मी इन्व्हॉइस, पैसे भरल्याची पावती आणि लिस्टिंगचा स्क्रीनशॉट पाठवला. पाच आठवड्यांनी फरक परत आला. कुरियरचं शुल्क अर्थातच आलं नाही. स्क्रीनशॉट ऑर्डरच्या दिवशीच काढा, वस्तू विकली गेली की पान गायब होतं. चेकआउटवर कर भरूनही दारात पुन्हा मागितला, तर बहुतेकदा विक्रेत्याचा कर नोंदणी क्रमांक पार्सलच्या माहितीबरोबर पोचलेला नसतो. कर दाखवणारं इन्व्हॉइस कुरियर आणि विक्रेता दोघांनाही पाठवा.

रागाच्या भरात पार्सल नाकारू नका. परतीचा खर्च विक्रेता तुमच्या पैशातून कापून घेऊ शकतो. "तुमचं पार्सल अडकलंय, इथे पैसे भरा" असा मेसेज आला, तर त्यातली लिंक दाबू नका. कुरियरच्या साइटवर स्वतः जाऊन ट्रॅकिंग क्रमांक टाका.

राहिली परतपाठवणी. दुरुस्तीसाठी लेन्स बाहेर पाठवायची असेल, तर ती निघण्याआधीच कस्टमचे तात्पुरत्या निर्यातीचे कागद करा आणि सीरियल नंबरचा फोटो त्यांना जोडा. मी एकदा हे केलं नाही. बुरशी साफ होऊन लेन्स परत आली ती नवीन आयात म्हणून, आणि माझ्याच लेन्सवर मी दुसऱ्यांदा ड्युटी भरली. कुरियरवाला तोच होता. त्याने मशीन आधीच पुढे धरलं होतं.