छळाची तक्रार बगसारखी हाताळू नका: ओपन सोर्स समुदायांच्या नेहमीच्या चुका

ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांसाठी खुला असतो असे, सॉफ्टवेअर प्रकल्प सांभाळणाऱ्यांच्या हाताला काही सवयी पक्क्या जडलेल्या असतात. दोष (बग) सापडला की तो सर्वांसमोर नोंदवायचा, नोंदवणाऱ्याला तो पुन्हा घडवून दाखवायला सांगायचे, तोच दोष आधी कुणी नोंदवला असेल तर नवी नोंद ‘डुप्लिकेट’ म्हणून बंद करायची आणि काम झाले की विषय मिटवायचा. सॉफ्टवेअरसाठी या सवयी उत्तम आहेत. परंतु कुणी छळाची तक्रार घेऊन आले की यांतली प्रत्येक सवय उलटते. एका छोट्या प्रकल्पाच्या तक्रारी पाहण्याचे काम काही वर्षे करताना यांतल्या दोन-तीन चुका मी स्वतः केल्या आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

पत्ता नसलेली आचारसंहिता

बहुतेक प्रकल्प आचारसंहिता स्वतः लिहीत नाहीत, तर कोरलाइन एडा एमके यांनी २०१४ मध्ये तयार केलेली ‘कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट’ ही तयार आचारसंहिता उचलून रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) ठेवतात. त्यात गैर काही नाही. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, या प्रकल्पानेही सप्टेंबर २०१८ मध्ये तिच्याच आधारे आपली आचारसंहिता केली. मात्र तक्रार कुठे करायची हे त्या मसुद्यात प्रत्येक प्रकल्पाने भरायचे असते आणि त्यासाठी चौकटी कंसात जागा सोडलेली असते. ती जागा तशीच कोरी राहिलेल्या फायली आजही सापडतात. आपल्या प्रकल्पाची फाइल उघडून एवढे तरी तपासावे. पत्ता भरलेला असला, तरी तो एकाच मेंटेनरचा (प्रकल्प सांभाळणाऱ्याचा) असेल तर त्याच मेंटेनरविरुद्धची तक्रार कुठे जाणार, हा प्रश्न उरतोच. म्हणून किमान दोन व्यक्ती नेमाव्यात आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, तसेच त्याचे निकटचे मित्र व सहकारी, यांनी त्या प्रकरणातून बाजूला व्हावे हा नियम आधीच लिहून ठेवावा. तक्रार आल्यावर केलेला नियम कुणाकडे तरी बघून केल्यासारखा दिसतो.

‘स्क्रीनशॉट आहे का?’

सर्वाधिक नुकसान पहिल्या उत्तरात होते. आमच्याकडे एका विद्यार्थिनीने शनिवारी रात्री लिहिले होते की, एक ज्येष्ठ सहकारी तिला रात्री-अपरात्री खासगी निरोप पाठवतो आणि तिने उत्तर देणे थांबवल्यापासून तिच्या पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये सुचवलेले बदल) अडवून ठेवतो. आम्ही उलट टपाली विचारले, ‘स्क्रीनशॉट पाठवता का?’ आमच्या मनात अविश्वास नव्हता, बगच्या नोंदीला लॉग (प्रोग्रामने केलेली नोंद) मागावा तसा तो प्रश्न होता; परंतु तिला तो ‘सिद्ध करून दाखव’ असाच ऐकू आला आणि पुढचा दीड महिना ती प्रकल्पाकडे फिरकली नाही.

आता आमचे पहिले उत्तर साधारण असे असते: ‘तुमचे पत्र मिळाले. ते सध्या आम्ही दोघांनीच वाचले आहे. तुम्हाला आत्ता काही तातडीचा धोका वाटतो का? तुम्हाला विचारल्याशिवाय समोरच्या व्यक्तीशी बोलणार नाही. पुढे काय करता येईल ते गुरुवारपर्यंत कळवतो. निरोप जपून ठेवा. ते आम्हाला कधी दाखवायचे ते तुम्ही ठरवा.’ यात निकालाचे आश्वासन नाही, संपूर्ण गुप्ततेचेही नाही. छोट्या प्रकल्पात नाव झाकले तरी तपशिलावरून माणूस ओळखू येतो, हे तक्रारदाराला सांगावेच लागते. शिवाय अठरा वर्षांखालील मुलाचे वा मुलीचे लैंगिक शोषण झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

पुराव्याचा मोठा भाग पुष्कळदा प्रकल्पाच्या नोंदींतच पडलेला असतो. त्या सहकाऱ्याने इतरांच्या पुल रिक्वेस्ट किती दिवसांत पाहिल्या आणि तिच्या किती दिवसांत, हे तारखा लावून आम्हीच काढू शकलो असतो. हे काम, तसेच चॅटमधील मजकुराची प्रत काढून ठेवण्याचे काम, समोरच्या व्यक्तीशी बोलण्याआधी उरकावे, कारण त्यानंतर निरोप बदलले किंवा पुसले जाऊ शकतात. त्याचे म्हणणे अर्थातच नीट ऐकायचे असते, पण या क्रमाने.

‘डुप्लिकेट’ म्हणून मिटवणे

एकाच व्यक्तीविरुद्ध दुसरी तक्रार येते तेव्हा ‘त्याला आम्ही मागेच समज दिली आहे’ असे उत्तर दिले जाते. वास्तविक दुसरी तक्रार ही पहिलीची पुनरावृत्ती नसून सर्वांत महत्त्वाची नवी माहिती असते. परंतु स्वयंसेवक बदलतात, जुना माणूस जाताना आठवण सोबत घेऊन जातो आणि उरते ती ‘तो कसा आहे माहीत आहे ना’ अशी कुजबुज. तक्रारीची तारीख, थोडक्यात घटना, निर्णय आणि निर्णय घेणाऱ्यांची नावे एवढी नोंद मोजक्याच लोकांना उघडता येईल अशा ठिकाणी ठेवावी. सार्वजनिक इश्यूमध्ये (सर्वांना दिसणाऱ्या नोंदीत) यातले काहीही येऊ नये.

‘बसून मिटवून टाका’

ही खास आपल्याकडची खोड. दोघांना समोरासमोर बसवून चहा पाजणे म्हणजे घाबरलेल्या माणसावर माफ करण्याची सक्ती करणे होय. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातही समेट केवळ पीडित महिलेने स्वतः विनंती केली तरच करता येतो.

याच कायद्याच्या संदर्भात आणखी एक चूक घडते. पुण्यातील अनेक तांत्रिक मेळावे शनिवारी एखाद्या कंपनीच्या कार्यालयात भरतात आणि येणाऱ्यांपैकी काही जण नोकरीचा भाग म्हणून आलेले असतात. अशा वेळी या कायद्याखालच्या, कंपनीच्या अंतर्गत तक्रार समितीचा मार्ग खुला असू शकतो. मात्र तिथे तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते. समितीला सबळ कारण पटले तरच आणखी तीन महिने मिळतात. आपण ‘बघू, बोलू’ करत बसलो तर तक्रारदाराची मुदत आपण खातो. समुदायाचा निर्णय कायद्याची जागा घेत नाही, हे पहिल्या आठवड्यातच सांगावे.

‘तो गेला तर प्रकल्प बंद पडेल’

हा युक्तिवाद जवळजवळ प्रत्येक प्रकरणात येतो. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी आपल्या कठोर पत्रांबद्दल माफी मागून काही काळ रजा घेतली, तेव्हा कर्नलचे दुसरे मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलची ४.१९ ही आवृत्ती ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध केली. तो काही तक्रारीवरचा निकाल नव्हता, परंतु खुद्द लिनसवाचून जर कर्नल थांबला नाही, तर आपल्या प्रकल्पाबद्दलची भीती जरा तपासून पाहायला हरकत नाही.

उलट बाजूचे उदाहरण रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पाचे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्टच्या मॉडरेशन गटाने (आचारसंहिता पाळली जाते का हे पाहणाऱ्या गटाने) तडकाफडकी राजीनामे दिले. त्यांचे म्हणणे असे होते की, मुख्य गट स्वतःखेरीज कुणालाच उत्तरदायी नाही आणि त्यामुळे आचारसंहिता त्याला लागू करता येत नाही. पुढे २०२३ मध्ये तिथे नवे नेतृत्व मंडळ आले. नियम सर्वांत वरच्या माणसालाही लागू होतो का, हे ठरवल्याशिवाय तक्रार समिती नेमणे म्हणजे मॉडरेटरना तोंडघशी पाडणे आहे.

अर्धवट कारवाई

‘कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट’च्या २.० आवृत्तीत सुधारणा, ताकीद, तात्पुरती बंदी आणि कायमची बंदी अशा चार पायऱ्या दिल्या आहेत. त्यांमुळे नुसती समज किंवा थेट हकालपट्टी एवढेच पर्याय उरत नाहीत. बंदी घातली की ती सगळीकडे लागू झाली का, हे मात्र हाताने तपासावे लागते: चॅटमधून काढलेल्या माणसाकडे रिपॉझिटरीत बदल मर्ज करण्याचा (मूळ कोडमध्ये मिळवण्याचा) अधिकार तसाच असतो, किंवा त्याचे नाव पुढच्या परिषदेच्या वक्त्यांत झळकते.

सूड उगवला जातो तोही कोड रिव्ह्यूमधूनच, म्हणजे सुचवलेले बदल तपासण्याच्या कामातूनच. म्हणून आता तक्रार आली त्याच दिवशी तक्रारदाराचे रिव्ह्यू दुसऱ्या व्यक्तीकडे दिले जातात आणि निर्णयानंतर एका महिन्याने आम्ही तिला पुन्हा एक पत्र लिहितो. त्या विद्यार्थिनीच्या अडकलेल्या तीन पुल रिक्वेस्ट मी स्वतः वाचल्या तेव्हा दोन जशाच्या तशा घेण्याजोग्या निघाल्या. तिसरीत एक चाचणी कमी होती. तेवढीच तिला लिहायला सांगितली.