भेटीचा आदेश आहे, पण मूल भेटत नाही: गोव्यातील पालकांनी काय करावे

आधी मुलाला भेटू देण्याबाबत न्यायालयाने दिलेल्या आदेशाची प्रमाणित प्रत काढा आणि शब्दन् शब्द वाचा. वकिलाने फोनवर सांगितलेल्या सारांशावर विसंबू नका. भेटीवरून पेटणाऱ्या बहुतेक वादांचे मूळ आदेशाच्या मोघम भाषेत असते. ‘महिन्यातून दोनदा, सोयीच्या वेळी भेट द्यावी’ असे लिहिले असेल, तर सोय कोणाची यावर दर महिन्याला नवे भांडण ठरलेले. शिवाय नेमके काय मोडले तेच दाखवता येत नसल्याने भंग सिद्ध करणेही कठीण जाते. म्हणून न्यायालयाच्या अवमानाची भाषा करण्याआधी आदेश स्पष्ट करून घेण्याचा अर्ज करा. ज्या न्यायालयाने आदेश दिला, तिथेच तो करायचा असतो.

अर्जासाठी पुण्या-मुंबईचा नमुना जसाच्या तसा उतरवू नका. त्यात हिंदू विवाह कायद्याची कलमे असतात आणि तो कायदा गोव्यात लागू नाही. इथे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि १९१०चा घटस्फोटाचा कायदा चालतो. भेटीचा आदेश दंडाधिकाऱ्यांनी घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २१ खाली दिला असेल, तर मात्र त्यांच्याकडेच जावे लागते.

मागायची अट साधारण अशी असावी:

‘दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी १० ते सायंकाळी ५. आईने मुलाला फोंडा कदंब बसस्थानकावर, चौकशी खिडकीजवळ आणावे. वडिलांनी तिथेच परत सोडावे. अर्ध्या तासाहून अधिक उशीर झाल्यास तेवढा वेळ पुढील भेटीत वाढवून द्यावा. मूल आजारी असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी आदल्या दिवशी पाठवावी आणि भेट लगतच्या शनिवारी व्हावी. कोणत्याही पालकाने भेटीत अडथळा आणू नये.’

शेवटचे वाक्य भरीचे वाटते, पण ते गाळू नका. नुसते ‘भेट द्यावी’ असे नव्हे, तर ‘अडथळा आणू नये’ असेही लिहिले की तो मनाईचा आदेश होतो, आणि तो मोडला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम २अ चा आधार घेता येतो का, हे वकिलाला विचारता येते. त्यात मालमत्ता जप्त करण्याची आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेची तरतूद आहे.

जागा निवडताना एकमेकांचे घर टाळा. दारात उभे राहिले की आजी-आजोबा, शेजारी, जुने हिशेब सगळे बाहेर येतात. उद्यान जानेवारीत छान, जुलैच्या पावसात निरुपयोगी. छप्पर, स्वच्छतागृह आणि माणसांची ये-जा असलेली जागा बघा. एक पालक चोडण किंवा दिवाडीला राहत असेल, तर फेरीबोटीच्या रांगेचा वेळ आधीच धरा. नाहीतर ‘फेरी चुकली’ हे कारण दर वेळी ऐकावे लागेल, आणि कधीकधी ते खरेही असेल. मूल सोपवण्याचा कार्यक्रम पाच मिनिटांत आटोपा. औषधे, चष्मा, गृहपाठाची वही पिशवीत. पैशांचे बोलणे तिथे नको.

सणांसाठी तारखांपेक्षा तास लिहून घ्या. गोव्यात सर्वांत जास्त बिघडते ते इथेच. ‘चवथीला मूल वडिलांकडे’ म्हणजे कधीपर्यंत? कोणाच्या घरी गणपती दीड दिवसाचा, कोणाकडे पाच, कोणाकडे सात. डिचोली-सत्तरीतल्या मूळ घरी सगळे जमतात आणि विसर्जन झाल्याखेरीज तिथून कोणी हलत नाही. तेव्हा ‘चतुर्थीच्या आदल्या दिवशी सायंकाळी ६ ते तिसऱ्या दिवशी सकाळी ११, पुढील वर्षी उलट’ असे लिहा. दिवाळीचेही तसेच. मुलाला खरी ओढ असते ती नरकासुराच्या रात्रीची, आणि ती रात्र ‘दिवाळीच्या दिवशी’ या शब्दांत बसत नाही. नाताळची आणि मे महिन्याची सुट्टी दोन सलग भागांत वाटून घ्यावी. एक दिवसाआड वाटणी मुलाला दमवते.

जहाजावर काम करणाऱ्या पालकाला ‘दर शनिवार’चा काही उपयोग नाही. त्याने सुट्टीवर असतानाच्या आठवड्यांत सलग दिवस आणि बाकीच्या काळात व्हिडिओ कॉल मागावा. कॉलचा वार, वेळ आणि कोणत्या फोनवर, हेही आदेशात हवे. यशिता साहू प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ कॉलने मुलाशी संपर्क ठेवण्याचा हक्क मान्य केला आहे. मूल परदेशी नेले जाईल अशी सार्थ भीती असेल, तर पासपोर्ट न्यायालयात जमा करण्याची आणि परवानगीशिवाय मूल राज्याबाहेर न नेण्याची अट आताच मागा. मुलांच्या अपहरणाबाबतच्या १९८०च्या हेग करारात भारत नाही. मूल गेल्यावर परत आणणे फार लांबते.

भेट चुकली तर ठरलेल्या जागी ठरलेला पूर्ण वेळ थांबा. समोरचा ‘तुम्ही आलाच नाहीत’ म्हणतो तेव्हा हेच कामाला येते. बसचे तिकीट, चहाची पावती ठेवा. त्याच संध्याकाळी एकच संदेश पाठवा: ‘आज ७ तारखेला सकाळी १० ते सायंकाळी ५ मी फोंडा बसस्थानकावर होतो. समीर आला नाही. बुडालेली भेट पुढच्या शनिवारी, १४ तारखेला, त्याच वेळी द्यावी.’ बस्स. शिव्या, टोमणे, रात्री दोनचे लांबलचक मजकूर न्यायाधीशांसमोर तुमच्याच विरोधात वाचले जातात. मूळ फोन जपा, संभाषण पुसू नका. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग तुम्ही आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो.

पोलीस स्थानकात जाऊन मूल ‘आणून द्या’ म्हणण्यात अर्थ नाही. आदेशात पोलीस मदतीचा उल्लेख नसेल, तर ते बहुधा नोंद घेऊन परत पाठवतील.

दोन-तीन भेटी बुडाल्या की वकिलाची नोटीस, मग अर्ज. अर्जाला तारखांचा तक्ता जोडा आणि बुडालेल्या भेटींची भरपाई, भेटीची बदललेली जागा, खर्च अशा ठोस मागण्या करा. अवमानाची कारवाई त्यानंतर. तिथे हेतुपुरस्सर भंग दाखवावा लागतो, आणि भंगापासून एक वर्षाची मुदत असते. कैद सहा महिन्यांपर्यंत होऊ शकते, पण मुलाच्या आईला किंवा बापाला तुरुंगात पाठवायला न्यायालय सहसा धजावत नाही. भरपाईच्या भेटी मात्र पदरात पडतात.

‘मूल यायला तयार नाही’ हा बचाव घरबसल्या चालत नाही. ताबा असलेल्या पालकाने मुलाला जागेपर्यंत आणावेच. तिथे ते रडले, तर पहिल्या काही भेटी तासाभराच्या आणि समुपदेशकाच्या उपस्थितीत ठेवण्याची विनंती करा. मुलाचे म्हणणे फोनवर रेकॉर्ड करू नका. न्यायाधीश गरज पडल्यास त्याच्याशी दालनात बोलतात. मारहाण किंवा लैंगिक छळाचा संशय असेल, तर गोष्ट वेगळी: लगेच १०९८ किंवा ११२, आणि दुसऱ्याच दिवशी भेट स्थगित करण्याचा तातडीचा अर्ज. अर्ज न करता भेटी बंद ठेवल्या, तर भंग तुमच्याच नावावर चढतो.

पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही आणि भेट अडली म्हणून पोटगी थांबवता येत नाही. थकबाकीसाठी वसुलीचा अर्ज वेगळा करायचा. वकील परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर फोन करा. महिलांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही.