मोठेपणीचं चित्र: मुलांनी काढलेलं भविष्य कसं वाचायचं

मुलाला ए-फोर कागद, पेन्सिल, खोडरबर, थोडे रंग आणि अर्धा तास द्या. सूचना एकच: ‘तू तीस वर्षांचा झाल्यावरचा एक साधा दिवस काढ.’ ‘कोण होणार?’ असं विचारलंत की गणवेश आणि स्टेथोस्कोपच मिळतात.

काढताना शेजारी बसून डोकावू नका, पण आधी काय आलं आणि काय खोडलं हे लांबून टिपा. पूर्ण झाल्यावर अर्थ सांगायची घाई नको. आधी विचारा: इथं किती वाजलेत? तू कुठे आहेस? हे दार कुणासाठी? चित्राबाहेर कोण आहे? उत्तरं त्याच्याच शब्दांत, तारखेसह मागे लिहा. समजा, मोठ्या घरात एकच खुर्ची आहे. तुम्हाला एकटेपणा दिसेल. तो म्हणेल, ‘शेवटी स्वतःची खोली!’

फसगत होते ती ठरावीक अर्थांमुळे. काळा रंग म्हणजे दुःख, खिशात हात म्हणजे लपवाछपवी, असले तक्ते बाजूला ठेवा. हात काढणं अवघड असतं, म्हणूनही ते खिशात जातात. काडीमाणसं म्हणजे बहुधा चित्रकलेचा कंटाळा. कोरा कागदही चालतो, जबरदस्ती नको.

एका चित्रावरून निदान करता येत नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा काढून घ्या आणि काय टिकलं ते पाहा. मात्र मृत्यू, स्वतःला इजा किंवा ‘तेव्हा मी नसेनच’ असं काही आलं, तर वाट न पाहता शांतपणे थेट विचारा, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोला.