एम.एड. की एम.ए. शिक्षणशास्त्र? आधी हजेरीपत्रक उघडा

आमच्या केंद्रातले दोन तरुण शिक्षक गेल्या महिन्यात शिक्षण परिषदेनंतर, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीनंतर, चहाला थांबले आणि मला विचारू लागले, "बाई, एम.एड. करू की एम.ए. शिक्षणशास्त्र?" मी उलट विचारलं, "तुझ्या शाळेतली कोणती गोष्ट तुला घरी गेल्यावरही सोडत नाही?" एक नुसता हसला. दुसरा म्हणाला, "चौथीतली सहा मुलं अजून अक्षराला अक्षर जोडून वाचतात." त्याला म्हटलं, तुझं निम्मं काम झालं.

मी नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. त्याआधी बरीच वर्षं उपशिक्षिका होते. बेचाळिसाव्या वर्षी, नोकरीत राहून, दूरस्थ पद्धतीने एम.ए. शिक्षणशास्त्र केलं. मी सगळं उलट्या क्रमाने केलं: आधी प्रवेश, मग पुस्तकं, आणि विषय शेवटी. त्यात एक अख्खं वर्ष गेलं.

आधी एक गैरसमज दूर करते. खासगी माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक व्हायला एम.एड. लागतंच असं नाही. खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत पदवी, बी.एड. आणि पदवीनंतरचा पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव मागितला आहे. त्यातली किमान दोन वर्षं बी.एड.नंतरची हवीत. त्यामुळे "पुढच्या वर्षी एचएम व्हायचंय म्हणून एम.एड." असं कुणी म्हणालं, तर त्याला सेवाज्येष्ठतेची यादी आधी बघायला सांगा. पदवीने पगार वाढतो असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर शासन निर्णय दाखवा म्हणा.

आता पर्याय. नियमित एम.एड. दोन वर्षांचं, चार सत्रांचं. महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी द्यावी लागते. एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, २०१४ च्या नियमांत बी.एड.ला ५० टक्के हवेत. डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) आणि पदवी असलेल्यांनाही दार उघडं ठेवलंय, पण दोन्हींत ५० टक्के लागतात. खरी अडचण हजेरीची. लेखी विषय आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती हवी, क्षेत्रकार्याला ९०. शाळेत सही करून एम.एड.च्या वर्गातही सही करणारे मी पाहिलेत. ते कसं जमतं ते त्यांनाच ठाऊक; तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. नियमित एम.एड. करायचंच असेल, तर अध्ययन रजेचा अर्ज आधी आणि प्रवेश नंतर.

नोकरी न सोडता शिकायचं असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका आपल्याकडे 'डीएसएम' म्हणूनच ओळखली जाते. मुख्याध्यापकाचं रोजचं काम, म्हणजे वेळापत्रक, दप्तर, समित्या, पैसे, हे समजून घ्यायचं असेल तर तिथून सुरुवात करायला हरकत नाही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००६ मध्ये प्राथमिक शिक्षणातली एम.ए. सुरू केली, ती नोकरदारांना झेपेल अशा बेताने: काही आठवडे समोरासमोर वर्ग, बाकी घरून. वाचन प्रामुख्याने इंग्रजीत. तिथल्या एका ओळखीच्या शिक्षिकेची वाचनाची थैली मी एकदा उचलून पाहिली आहे. हौस म्हणून घेण्यासारखं ते ओझं नव्हे.

कुठेही प्रवेश घ्या, फी भरण्याआधी दोन गोष्टी स्वतः तपासा. दूरस्थ अभ्यासक्रमाला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाची त्या वर्षाची मान्यता आहे ना, आणि एम.एड. असेल तर महाविद्यालयाला एनसीटीईची मान्यता आहे ना. "सगळे करतायत" ही मान्यता नव्हे. अभ्यासक्रम सध्या बदलतायत, त्यामुळे मागच्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेवरही विसंबू नका.

तिसरी गोष्ट परवानगीची. शिक्षकाने गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत लेखी परवानगी घ्यावी, तीही प्रवेशाआधी. माझा पहिला अर्ज एका कार्यालयात टेबलावरून टेबलावर फिरत हरवला. माझ्याकडे पोच नव्हती. दुसऱ्या वेळी दोन प्रती नेल्या, एकीवर शिक्का आणि तारीख घेतली आणि ती प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी पत्र्याच्या पेटीत ठेवली. पेठचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना पिशवीचं कारण सांगायला नको.

आता विषय, म्हणजे लघुशोधप्रबंधाचा. मी आधी काय केलं? ग्रंथालयातले जुने प्रबंध चाळले आणि एकाचं शीर्षक थोडं फिरवून मार्गदर्शक मॅडमपुढे ठेवलं: "इयत्ता सातवीच्या विज्ञान विषयाच्या संपादणुकीवर ई-लर्निंगच्या परिणामकारकतेचा अभ्यास." मॅडमनी एवढंच विचारलं, "तुमच्या शाळेत वीज किती तास असते?" मी गप्प. त्या म्हणाल्या, "हजेरीपत्रक घेऊन या."

पुढच्या रविवारी सावळघाट ओलांडून नाशिकला गेले, पिशवीत तीन वर्षांची हजेरीपत्रकं. मॅडमनी काही न बोलता नोव्हेंबरचं पान उघडलं. दिवाळीनंतर माझ्या वर्गाची पटावरची मुलं ३१ आणि रोज बसणारी १९-२०. आमच्याकडे भात-नागली घरात आली की लोक दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात. डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं), मग खुडा. पोरं सोबत, कुणी धाकट्याला सांभाळायला, कुणी दहा-अकरा वर्षांचं असूनही कामाला. होळीला परत. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, इतकं माहीत की त्याला कुणी प्रश्न म्हणतच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "जी मुलं जात नाहीत, ती का थांबतात?"

विषय असा सापडतो. म्हणून सांगते, प्रवेशाआधी महिनाभर एक दोनशे पानी वही ठेवा. रोज शाळा सुटल्यावर एकच ओळ लिहा: आज काय अडलं. महिन्याअखेर जी ओळ चार-पाच वेळा आली असेल, तो तुमचा विषय. मग ठरवा, की तो एम.एड.चा आहे, डीएसएमच्या प्रकल्पाचा आहे, की नुसत्या कृतिसंशोधनाचा, म्हणजे आपल्याच वर्गातल्या अडचणीवर उपाय करून बघण्याचा. कृतिसंशोधनाला पदवी लागत नाही. ते डाएटच्या, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या, मदतीनेही होतं. कित्येकांचं काम तिथेच भागतं आणि दोन वर्षांची फी वाचते.

विषय मिळाला की तो लहान करा. मी "स्थलांतरित मुलांचं शिक्षण" म्हणत होते. मॅडमनी कापत कापत एक शाळा, इयत्ता चौथी ते सातवी आणि तीन हंगाम एवढ्यावर आणलं. साधनं दोन: हजेरीपत्रक आणि पालकांच्या मुलाखती. प्रश्नावली बनवली होती, पण आमचे बरेच पालक ती वाचू शकत नाहीत, आणि मास्तरीण वाचून दाखवू लागली की "हो" म्हणतात. म्हणून अंगणात बसून गप्पा मारल्या. मुलाखतीआधी परवानगी विचारा आणि प्रबंधात नावं घालू नका, 'पालक क्र. ७' पुरेसं आहे.

संख्याशास्त्राची धास्ती घेऊ नका. प्रयोग केलाच नसेल तर टी-परीक्षिका (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी चाचणी) ओढून-ताणून लावू नका. शेकडेवारी आणि एक नीट तक्ता चालतो. 'स्वाश्रयी चल' (जो परिणाम घडवतो) आणि 'आश्रयी चल' (ज्यावर परिणाम होतो) हे शब्द पहिल्यांदा वाचले, तेव्हा मला आमच्या स्टाफरूममधली मंडळीच डोळ्यांपुढे आली. दुसऱ्या प्रकरणासाठी, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्यासाठी, शोधगंगा हे प्रबंधांचं संकेतस्थळ बघा, मराठी प्रबंधही मिळतात. तिथून वाचा, उचलू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. त्यापुढे काम परत येतं. पुण्यात जाणं झालं, तर कोथरूडच्या भारतीय शिक्षण संस्थेत डोकवा. जे. पी. नाईकांनी ती १९४८ मध्ये मुंबईत काढली आणि १९७६ मध्ये पुण्याला नेली.

टंकलेखन पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये करा. मी जुन्या फॉन्टमध्ये करून घेतलं आणि रूपांतर करताना सगळ्या रफारांची दशा झाली. 'वर्ग', 'कार्य', 'मार्गदर्शक', एकही शब्द धड उरला नाही. शंभर पानं लाल पेनाने तपासली.

वेळ? पहाटे साडेचार ते सहा, आठवड्यातून पाच दिवस. रात्री अभ्यास होत नाही, कितीही ठरवलं तरी. दिवाळी आणि मे महिना प्रबंधासाठी राखा. परीक्षेच्या कामात आणि गणनेच्या दिवसांत काहीही होत नाही, हे धरूनच वेळापत्रक लावा.

माझ्या अभ्यासात काय निघालं? थांबणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी हातीपायी धड असलेली आजी होती. आणि जाणाऱ्यांना आम्ही शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवून बसता यावं म्हणून द्यायचं कार्ड, दिलं होतं, पण मी ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या एकाही पालकाला ते तिकडच्या शाळेत कुणी मागितलं नव्हतं. कित्येकांनी ते घरातल्या देव्हाऱ्यात ठेवलं होतं, सुरक्षित. मुख्याध्यापिका झाल्यावर मी पहिल्याच दिवाळीआधी एक वही केली: कोण कुठल्या गावच्या बागेत जाणार, मुकादमाचा नंबर, जवळची शाळा कोणती. तिथल्या गुरुजींना मुलं पोचण्याआधी फोन. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला आता आज्याही बोलावते. सगळी मुलं शाळेत बसतात असं नाही. पण दिंडोरीकडचे दोन गुरुजी आता स्वतःहून फोन करतात, "बाई, तुमची चार आली."

निकाल लागला की गुणपत्रक आणि पदवीची साक्षांकित प्रत पंचायत समितीत द्या, सेवापुस्तकात नोंद करून घ्या, आणि नोंदीच्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पोच घ्यायला विसरू नका.