कोल्हापुरात बँड काढायचाय? आधी अर्थिंग तपासा

महिन्यातून एखादं पोरगं तरी पाठीला गिटारची पिशवी लावून दुकानात येतं आणि विचारतं, ‘दादा, बँड काढायचाय, काय करू?’ उद्यमनगरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. २००४ ते २०१५ आम्ही चौघांनी बँड चालवला, त्यात मी बेस वाजवायचो. प्रत्येकाला चहा पाजून तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो.

कुठवर जायचंय ते पहिल्याच बैठकीत ठरवा. ‘बघू, जाईल तिथवर’ म्हणणारे पहिल्या भांडणात फुटतात. मी पोरांना पायलॉनचं सांगतो. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं गाव आहे, विद्यापीठाचं. तिथं १९७९ साली चित्रकलेच्या शिक्षणातून आलेल्या चौघांनी हा बँड काढला. वाद्यांचं शिक्षण म्हणाल तर नावालाच. त्यांचं ठरलेलं काय, तर एकदा न्यूयॉर्कला वाजवायचं, ‘न्यूयॉर्क रॉकर’ मासिकात चार ओळी छापून आणायच्या आणि बँड मोडून टाकायचा. बास. त्याच वर्षी ते न्यूयॉर्कला जाऊन गँग ऑफ फोर या इंग्लिश बँडच्या आधी वाजवून आलेसुद्धा. मोडायचं तेवढं राहून गेलं.

आमचं ठरलेलं याहून साधं. रात्री घरी येऊन झोपता आलं पाहिजे, कारण सकाळी प्रत्येकाला काम. म्हणजे सांगली, मिरज, इचलकरंजी, निपाणी, गडहिंग्लज, फार तर बेळगाव. बेळगाव इथून एकशेदहा किलोमीटर. अथेन्सहून अटलांटा साधारण तेवढंच. पुण्याची सुपारी आली की मी हात जोडायचो. त्यावरून आमची गायिका दोन वर्षं माझ्यावर रुसलेली होती, तेही सांगून ठेवतो.

वादक जाहिरात देऊन मिळत नाहीत, कानावर पडतात. पायलॉनचे बेसवाला आणि गिटारवाला तासन् तास एकच तुकडा घोळवत बसायचे. त्याच इमारतीत राहणाऱ्या कर्टिस क्रोला तो ऐकून ऐकून राहवेना. त्यानं दार वाजवलं आणि ड्रमर झाला. ह्याच क्रोच्या खोलीत चाळीस वॉटच्या एकाच बल्बखाली पार्ट्या व्हायच्या; त्यातून अथेन्सचा प्रसिद्ध फोर्टी वॉट क्लब उभा राहिला. आमचा ड्रमर असाच, मंगळवार पेठेत एका मिरवणुकीत सापडला. हलगी वाजवत होता. ड्रमसेट त्यानं कधी शिवला नव्हता, पण डाव्या हातातली बारीक काडी अशी काही थरथरायची की आम्ही तिघं मिरवणुकीमागं दोन चौक चालत गेलो. पुढं हाय-हॅटवर, म्हणजे ड्रमसेटच्या जोडझांजेवर, त्यानं तोच हात वापरला. हलगीच्या जोडीला घुमकं असतं, त्याचं काम बास ड्रमकडं. कुणी विचारलं की तुमचा ठेका कुठला, तर सांगायला अवघड जायचं.

खोली शक्यतो कारखान्यांच्या मधे घ्या. गाद्या, अंड्यांचे ट्रे भिंतीला लावून आवाज बाहेर जायचा थांबत नाही. आतला घुमारा थोडा कमी होतो, एवढंच. आमची खोली एका लेथवाल्या काकांच्या वर होती. खाली लेथ आणि पॉवर हॅक्सॉ चालायचा, त्यामुळं वरच्या दंग्याची तक्रार करायला कुणी उरलंच नाही.

आता अर्थिंग. इथं जरा सावकाश वाचा.

आपल्याकडं कार्यक्रमाला लाइट देणारा वायरमन वेगळा, साउंडवाला वेगळा. एका गावात, नाव सांगत नाही, आमची गायिका माइकजवळ आली आणि ओठाला चटका बसून मागं पडली. तिच्या गळ्यात गिटार होती. गिटारचा अ‍ॅम्प एका बोर्डवर, साउंड सिस्टीम दुसऱ्या बोर्डवर, आणि अ‍ॅम्पच्या बोर्डची अर्थिंगची वायर नुसती टेप गुंडाळून लोंबकळत सोडलेली. अ‍ॅम्पच्या बॉडीवर गळती, ती गिटारच्या तारांवर, आणि माइकची जाळी अर्थला. मधे बाईचा ओठ. लोकांना वाटलं, गाण्यातलंच काहीतरी आहे. टाळ्या पडल्या.

म्हणून अडीचशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर गिटारच्या पिशवीत कायम असू दे. एसी व्होल्टवर ठेवायचा. सॉकेटमध्ये फेज ते अर्थ मोजा, दोनशेतीसच्या आसपास यायला पाहिजे. न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट चालतील; पाचाच्या वर दिसलं तर वायरमनला हाक मारा. मग सगळं चालू करून मीटरची एक टोचणी गिटारच्या तारेला, दुसरी माइकच्या जाळीला. काहीच दाखवायला नको. दाखवलं तर वाजवू नका, कमिटीचा अध्यक्ष कितीही ओरडू दे. सगळे अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डवरून घेतलं तर ती ‘हूंऽऽ’ अशी घरघरही बहुतेक जाते. ती घालवायला थ्री-पिनची मोठी, म्हणजे अर्थची पिन कापणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांच्याबरोबर वाजवायचं नाही, जेवायलाही बसायचं नाही.

पैशाचं थोडक्यात. माणसं चार असली तरी वाटे पाच करा, पाचवा बँडचा. त्यातून तारा, काड्या, छोट्या हत्तीचं भाडं. अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख वहीत लिहू नका. एका मंडळानं स्टेजवर नारळ-शाल देऊन, राहिलेले सात हजार ‘उद्या’ देतो म्हणून सांगितलं. तो उद्या अजून यायचाय. आणि गाण्यांवर नावं चौघांची घाला. अथेन्सच्याच आर.ई.एम. या बँडनं तसंच केलं. गाणं कुणाच्याही डोक्यातून निघो, खाली चौघांची नावं, आणि एकानं नको म्हटलं की ती गोष्ट रद्द. आम्ही हे उशिरा शिकलो, तोवर दोन गाण्यांवरून बोलाचाली होऊन गेली होती.

रेकॉर्डिंगला मुंबई गाठायची गरज नाही. आर.ई.एम.चं पहिलं गाणं नॉर्थ कॅरोलिनात, मिच ईस्टरनं आईवडिलांच्या गॅरेजमध्ये थाटलेल्या स्टुडिओत झालं. १९८१ साली एका चिमुकल्या कंपनीनं पहिल्या झटक्यात हजारभर प्रती काढल्या. पायलॉनच्या रेकॉर्डी तर अटलांटातल्या एका रेकॉर्ड दुकानदाराच्या लेबलनं काढल्या. बाबूराव पेंटरांनी इथं कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा बनवून सिनेमा काढला, त्या गावच्या पोरांना हे वेगळं काय सांगायचं? फक्त जे गाणं लोकांपुढं दहा वेळा वाजवलेलं नाही, ते स्टुडिओत नेऊ नका. तासाचे पैसे असतात. आणि प्रती जपून काढा. आम्ही तीनशे सीडी काढल्या, त्यातल्या ऐंशी माझ्या माळ्यावर आहेत.

थांबायचं कधी, हेही विचारतात. पायलॉननं १९८३ मध्ये यू२ या आयरिश बँडच्या आधी काही कार्यक्रम वाजवले. दुसऱ्या कुणी त्यानंतर जन्मभर तेच केलं असतं. मजा संपत चालली म्हणून यांनी त्याच वर्षी बँड बंद केला. १९८७ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकानं आर.ई.एम.ला अमेरिकेतला सर्वोत्तम बँड म्हटलं, तर त्यांचा ड्रमर बिल बेरी म्हणाला की तो मान पायलॉनचा. त्यानंतर पायलॉन पुन्हा जमले, १९९० ला एक रेकॉर्ड काढली, पुन्हा थांबले. गायिका व्हेनेसा ब्रिस्को-हे नर्स झाली. गिटारवाला रँडी ब्यूली २००९ मध्ये गेला. व्हेनेसाबाई पुढं नव्या माणसांना घेऊन पुन्हा गायला लागल्या.

आम्ही २०१५ ला थांबलो ते ड्रमरची नाइट शिफ्ट लागली म्हणून. भांडण नाही, काही नाही. ड्रमसेट अजून त्याच खोलीत झाकून ठेवलाय. किल्ली खालच्या काकांकडं असते, रविवारी चारनंतर माझं नाव सांगून मागा. काड्या आपापल्या आणा. आणि डावीकडचं सॉकेट वापरू नका, त्याचं अर्थिंग करायचं राहिलंय.