दिनविशेषाचा फळा लिहिताय? या चुका टाळा

सोलापूरकरांसाठी १२ जानेवारी हा साधा दिवस नाही. १९३१ साली या दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना इंग्रजांनी फासावर चढवलं. आमच्या वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर मी पहिला दिनविशेष लिहिला तो याच तारखेला, आणि लिहिलं काय, तर ‘सोलापुरात फाशी’. सकाळी पेपर वाचायला येणारे एक आजोबा फळ्यासमोर थांबले. म्हणाले, “सर, फाशी येरवड्याला झाली. इथं दिली असती तर गाव घरात बसलं असतं होय?” मी ओलं फडकं आणून ती ओळ पुसली.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. तारखेपुढे घटना लिहिण्याआधी त्या दिवशी नेमकं काय झालं आणि कुठे झालं, हे दोन प्रश्न विचारायचे. याच चौघांच्या बाबतीत आणखी एक घोळ नेहमी दिसतो. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं आणि १२ मे रोजी शहरात मार्शल लॉ लागला. फाशीही बारा तारखेचीच. मग ‘१२ तारखेला मार्शल लॉ आणि फाशी’ असं एका दमात लिहिलं जातं. मधले आठ महिने, तो खटला, तुरुंगातले दिवस, सगळं गळून पडतं.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो पंचांग आणि कॅलेंडर यांच्यात, म्हणून इथं जरा थांबतो.

जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८, सिंदखेडराजा, तिथी पौष पौर्णिमा. आपण आज जे कॅलेंडर वापरतो त्याला ग्रेगोरियन म्हणतात. ते पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये सुरू केलं. पण इंग्लंडने ते १७५२ पर्यंत स्वीकारलंच नाही. त्या वर्षी तिथं २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १४ सप्टेंबर उजाडला. म्हणून शिवकालातल्या इंग्रजी कागदांत जुनी, ज्युलियन तारीख असते आणि आपल्याकडे त्या काळाच्या तारखा बहुधा त्याच मोजणीने देतात. जिजाऊंच्या जन्माची पौर्णिमाही ज्युलियन १२ जानेवारीलाच जुळते. आजच्या कॅलेंडरने मोजलं तर तो दिवस २२ जानेवारी येतो. राज्याभिषेकाचंही तसंच. ६ जून १६७४, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. पोर्तुगीजांनी मात्र ग्रेगोरियन आधीच स्वीकारलं होतं, त्यांच्या मोजणीने त्या दिवशी १६ जून होता. यात कोणाची तारीख खोटी नाही. जयंती रूढ तारखेलाच साजरी करावी, फळ्यावरही तीच लिहावी. फक्त एकाच घटनेच्या दोन तारखा सापडल्या म्हणून घाईने एक खोडू नका, आणि स्वतः दहा दिवस मिळवून तिसरी तर मुळीच तयार करू नका.

स्वामी विवेकानंदांचा जन्मही १२ जानेवारीचा, १८६३. त्या दिवशी मकर संक्रांत होती. वाचणारा अडखळतो, कारण संक्रांत तर चौदा-पंधराला! सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत वाढलेल्या माणसाला हे आधी कळायला हवं. संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या वर्षावर चालते. ते वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं असल्यामुळे साधारण ७१-७२ वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. त्यात १९०० हे लीप वर्ष नव्हतं, म्हणून आणखी एक दिवस. २०२४ मध्ये ती १५ जानेवारीला आली होती. तेव्हा यात्रेतला अक्षता सोहळा किंवा नंदीध्वजांची मिरवणूक गेल्या वर्षीच्या फळ्यावरून उतरवून घेऊ नका. त्या वर्षाचं पंचांग उघडा.

घड्याळाचीही एक अडचण असते. माणूस चंद्रावर उतरला ती तारीख सगळीकडे २० जुलै १९६९ अशी दिसते. ती अमेरिकेची. यान उतरलं तेव्हा आपल्याकडे २१ जुलैची पहाट व्हायची होती, पावणेदोन वाजले होते. दोन्हींपैकी कुठलीही लिहा, पण कुठली ते लिहा.

एकापेक्षा जास्त दिवस चाललेली घटना एका तारखेत कोंबू नका. हैदराबादची पोलिस कारवाई १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली. मुख्य फौज आपल्या सोलापुराकडूनच नळदुर्गमार्गे आत शिरली. १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली, १८ ला त्याच्या सेनापतीने रीतसर शस्त्रं खाली ठेवली. मुक्तिदिन १७ चाच, पण ‘आज कारवाई झाली’ हे वाक्य चूक.

फॉरवर्ड आलेला मजकूर फळ्यावर चढवण्याची घाई तर टाळाच. दर १४ फेब्रुवारीला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना याच दिवशी फाशी झाली किंवा शिक्षा सुनावली, असा संदेश फिरतो. शिक्षा ७ ऑक्टोबर १९३० ला सुनावली आणि फाशी २३ मार्च १९३१ ला संध्याकाळी झाली. भावनेच्या भरात ज्यांचं नाव घेतो, त्यांचाच दिवस चुकवणं मला सहन होत नाही.

कधी मात्र योगायोग खरोखर विलक्षण असतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्मले. बरोबर वर्षभराने, त्यांच्या पहिल्या वाढदिवशी, चीनमध्ये वुचांगचा उठाव झाला आणि त्यातून तिथली राजेशाही संपली. त्याच चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करताना ९ डिसेंबर १९४२ ला डॉक्टर गेले. हे जरूर लिहा, मुलं डोळे मोठे करून वाचतात. ‘म्हणूनच ते चीनला गेले’ एवढं मात्र जोडू नका. १९३८ मध्ये ते गेले ते भारतातून निघालेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून, जपानने केलेल्या आक्रमणाच्या काळात. त्यात तारखेचा काही हात नव्हता.

जागा कमी आणि घटना जास्त, हे १२ जानेवारीला दरवर्षी होतं. जिजाऊ, विवेकानंद, शिवाय १९३४ मध्ये चितगावला फाशी गेलेले क्रांतिकारक सूर्य सेन. पूर्वी मी ‘चार हुतात्मे’ एवढे दोन शब्द लिहून जागा वाचवायचो. आता चारही नावं पूर्ण लिहितो, खाली ‘येरवडा, १९३१’, आणि उरलेल्या जागेत बाकीचं.